दोन पिस्तुलं आणि पीच कॉबलर

"साखरेऐवजी मीठ टाकणाऱ्या बाईनं एकटं राहू नये," डेल म्हणाला.

"एकदाच टाकलं होतं," व्हर्ना उसळली. "आणि मीठ-साखर कळत नाही म्हणतोस, तर पिस्तूल कशाला देतोयस मला?"

मुलानं पिस्तूल पुसायला घेतलं. ओक्लाहोमातल्या त्या शेतघरात सत्तरी ओलांडलेली व्हर्ना एकटीच राहायची, आणि तिला टल्सा शहरातल्या वृद्धाश्रमात हलवायचं डेलच्या मनात कधीपासून घोळत होतं. तोवर तिच्या उशाशी पिस्तूल असावं, यावर त्याचं आणि जावई रस्टीचं एकमत होतं. कुठलं असावं, यावर मात्र दोघे हातघाईवर आले होते. डेलनं हॉलिस कंपनीचं आणलं होतं, रस्टीनं ब्रॅकनचं. दोन्ही स्वस्तातली, काळी, आणि दिसायला अगदी जुळी.

"हॉलिस?" रस्टी फिस्कारला. "त्यापेक्षा चोराला बरणी फेकून मारलेली बरी!"

"आणि तुझं ब्रॅकन? दुसऱ्याच गोळीला अडकतं. सगळ्या जिल्ह्याला माहितीये!"

रिकामी पिस्तुलं जेवणाच्या टेबलावर मांडून पुसापुशी आणि भांडण एकदमच चाललं होतं. ओव्हनमधलं गरम पीच कॉबलर, म्हणजे पीचच्या फोडींवर पिठाचा थर देऊन भाजलेलं गोड पक्वान्न, ठेवायला जागाच उरली नाही, म्हणून व्हर्नानं दोन्ही उचलून फ्रिजवर ठेवली. कॉबलर निवेपर्यंत नेमबाजी उरकू, असं ठरलं, तेव्हा "हे तुझं, हे तुझं" म्हणत तिनंच ती परत दिली.

कुंपणावर बीन्सचे रिकामे डबे मांडले. डेलनं धडाधड उडवले.

"बघितलंस, आई? हॉलिस आहे ते! अडकणं नाही की काही नाही."

रस्टीनंही उडवले. "सासूबाई, ब्रॅकन हातात कसं बसतं बघा! डेलच्या त्या खेळण्यानं तुमचा तळवा सोलून निघेल."

व्हर्नानं चष्मा लावून पाहिलं. रस्टीच्या पिस्तुलावर ठसठशीत कोरलं होतं: हॉलिस.

अदलाबदल आपणच केली! डेलला कळलं की उद्याच बॅगा भरायला घेईल. तिला रडूच कोसळणार होतं, पण ते दोघे पुन्हा एकमेकांच्या पिस्तुलांना शिव्या घालू लागले आणि तिचं डोकं फिरलं.

"गप्प बसा! ठेवा ती खाली, आणि नावं वाचा."

दोघांनी वाचली. डेलचे कान लाल झाले.

"पण आई, दिलीस तूच ना..."

"दिली! चुकले! आणि तुम्ही रे? स्वतःचं पिस्तूल ओळखता येईना, दुसऱ्याच्या पिस्तुलाचे गोडवे गाताय! टल्साला जायचं तर तिघंही जाऊ. खिडकीजवळची खोली माझी!"

रस्टी टोपी काढून डोकं खाजवू लागला.

"मी हे घर सोडणार नाही. विषय संपला. चला, कॉबलर खाऊन घ्या."

टेबलाशी बसून तिनं दोघांना भरभरून वाढलं, स्वतः पहिला घास घेतला आणि थबकली. मीठ. चक्क मीठ!

तिनं हळूच वर पाहिलं. डेल खाली मान घालून चावत होता. रस्टीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"कसं झालंय?" तिनं ताठ मानेनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"झकास," डेल म्हणाला.

"नेहमीसारखंच," रस्टीनं कसाबसा घास गिळला.

"मग लाजताय कशाला?" म्हणत व्हर्नानं दोघांनाही पुन्हा वाढलं.