साहेबांची आंघोळ

"औंदा आपली विहीर झालीच समजा," असं सूर्यमाळचा नवसू पाटील चैत्रभर पाड्यापाड्यांवर सांगत सुटला होता. जव्हार दरबारची पट्टी आपण बिनबोभाट भरतो, मग त्यातलं थोडं या डोंगरावर परत यायला नको? बायकांनी दरीतल्या झऱ्यावर वाटीवाटीनं पाणी भरायचं, ते तरी कुठवर? आता दरबारचा साहेब स्वतः पाहणीला येणार होता. विहीर सूर्यमाळला द्यायची की शेजारच्या वांगणी गावाला, हे तोच ठरवणार होता.

नवसूचा जीव थाऱ्यावर राहीना. लग्नातलं पागोटं त्यानं बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. मग सगळ्या बायकांना त्यानं दरीत पिटाळलं.

"आपण पितो तोच गढूळ पानी दे त्याला," त्याची बायको कमू म्हणाली. "एका घोटात समजंल."

"पाटलाच्या दारात पावण्याला गढूळ पानी? माझं नाक कापतंस काय?"

झालं! झरा पार खरवडून निघाला. अंगणात सडा पडला, घंगाळ काठोकाठ भरलं.

साहेब धुळीनं माखून आला. आधी त्याच्या घोड्यानं पाण्याची डोण रिकामी केली. मग साहेब आंघोळीला बसला तो उठेचना. प्रत्येक तांब्यासरशी नवसू घंगाळाच्या तळाकडं बघत होता, तरी तोंडानं म्हणत होता, "घ्या साहेब, आणखी घ्या."

शेवटी साहेब अंग पुसू लागला, तेव्हा नवसूनं हात जोडले. "साहेब, पान्याचे लय हाल हायेत."

साहेब खो खो हसला. "पाटील, थट्टा करता काय? अशी आंघोळ मला जव्हारातसुद्धा मिळत नाही."

"हा पानी बायकांनी दरीतून आणला साहेब. चला, झरा दावतो."

"आत्ताच तर आंघोळ झाली. पुन्हा धुळीत कुठं उतरू?"

विहीर वांगणीला गेली. पण साहेब सूर्यमाळला विसरला नाही. पुढच्या चैत्रात पट्टीच्याच पैशातून तिथं अंमलदारांच्या मुक्कामासाठी टुमदार बंगला उभा राहिला. न्हाणीघरात घडीव दगडांचा माणूसभर खोल हौद होता, आणि तो भरून ठेवायचं काम अर्थातच गावाकडं आलं.

कमूनं दरीतून आणलेला हंडा हौदात रिकामा केला आणि आत डोकावून पाहिलं. "झाली की तुझी विहीर. पानी तेवढा आपण टाकायचा हाय."

नवसूनं डोक्यावरचं पागोटं सोडलं, त्याची चुंबळ केली आणि हंडा घेऊन दरीची वाट धरली.