लाल गाडीखालचा पेपर

सकाळी माझ्या चहाला उकळी येते न येते, तोच फाटकाची कडी वाजते आणि बंडूभाऊजी विचारतात, "वहिनी, कालचा पेपर?"

वाचायला नव्हे. गाडीखाली अंथरायला.

बंडूभाऊजी हे माझ्या यजमानांचे रेल्वे वर्कशॉपमधले मित्र आणि इकडे उत्तरेत, प्रेम नगरातले आमचे शेजारी. मधे एकच भिंत. यजमान गेले, भाऊजींची बायको कुसुमही गेली. भिंत तेवढी राहिली. तरुणपणी भाऊजींनी कॅन्टोनमेंटमधल्या एका मेजरसाहेबांची दोन माणसांची, बिनछपराची लाल स्पोर्ट्स कार जुनी म्हणूनच घेतली. तेव्हापासून ती इंजिनातून तेल गाळते. दूधवाला फाटकातूनच विचारतो, "बाबूजी, आज फिर रोई?"

"रोई नहीं भैया, जिंदा है!"

येताना भाऊजी आदल्या रात्रीचा तेलकट पेपर घेऊन येतात आणि चहा पिताना थेंब वाचून दाखवतात. "आज तुमच्या राशीवर पडलंय हो. जिना जपून उतरा."

हसायला मला तोंड नाही. नवी नवरी असताना गॉगल लावून, रेशमी साडी नेसून मी भाऊजींकडून मागून आणलेल्या त्याच गाडीतून बरुआसागरचं तळं बघायला निघाले होते. यजमान चालवत होते, मी महाराणी. पोचेपर्यंत केसांचा खराटा झाला, गॉगल कुठल्याशा शेतात उडाला आणि गाडीने तळ्याकाठीच प्राण सोडला. परतीला बस, शेजारी कोंबड्यांची टोपली. घरी आल्यावर सासूबाईंना ऐटीत सांगितलं, "काय गार वारा होता!" त्यांनी माझ्या पाठीवरच्या तेलाच्या डागाला सोडा लावला.

तर यंदा भाऊजींच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. "बाबा, होळीला येतोय. तोवर गळती थांबली नाही, तर गाडी भंगारात. या वयात गाडीखाली झोपता, शोभतं का?"

त्या दिवशी भाऊजी चहा अर्धा टाकून उठले. असं कधी झालं नव्हतं.

मग पाना घेऊन त्यांनी दिसेल तो बोल्ट आवळला. दर वेळी आरोळी, "लाइन क्लियर!" आणि दुसऱ्या दिवशी पेपरवर कालच्याहून मोठं तळं.

शेवटी मला राहवेना. माझ्या सासूबाई तेलाचा डबा पाझरू लागला की तो कोरडा पुसून वर कणीक भुरभुरवायच्या. रेघ ओली होईल तिथून मागे गेलं की भोक सापडायचं. मी म्हटलं, "इंजिन पुसा. मी पीठ आणते."

"वहिनी, ते इंजिन आहे, परात नव्हे."

"तुमचा पाना चालला का?"

इंजिन चकचकीत पुसलं, पीठ भुरभुरवलं, सुरू केलं. थोड्याच वेळात भाजलेल्या कणकेचा असा खमंग वास सुटला, की गूळ-तूप घातलं असतं तर लाडू वळून झाले असते. आणि वरच्या झाकणाच्या कडेपासून थेट खालपर्यंत एक ओली रेघ उमटली.

भाऊजी बघतच राहिले. जन्मभर खाली शोधत होते, गळत वरून होतं. झाकणाखालचं, तेल अडवणारं कॉर्कचं गॅस्केट आवळून आवळून त्यांनीच चिरडलं होतं. त्यांनी नवं गॅस्केट कापून बसवलं. मी वेताच्या मोढ्यावर बसून ओरडत होते, "हळू! लोणच्याच्या बरणीचं झाकण नाही ते!"

होळीला मुलगा आला. वाकून बघितलं, फरशीवर बोट फिरवलं. बोट कोरडं. "ठीक है बाबा," म्हणाला. गाडी राहिली.

तो परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सवयीने मी पेपर काढून ठेवला, दोन कप मांडले. मग लक्षात आलं, आता भाऊजी कशाला येतील? भारीच हुशार बाई मी! एक कप उचलून परत फळीवर ठेवला.

कडी वाजली.

"वहिनी, कालचा पेपर?"

"आता कशाला? गळत तर नाही."

भाऊजी चपलेकडे बघत म्हणाले, "गळत नाही हे कळायला नको का?"

मी पेपर दिला. चहाही दिला.

संध्याकाळी पुन्हा कडी. हातात तोच पेपर, इस्त्री केल्यासारखी घडी. "थेंबसुद्धा नाही. चांगला पेपर, म्हटलं परत देऊन यावं."

मी पुन्हा आधण ठेवलं. गाडी गळत होती तेव्हा भाऊजी दिवसातून एकदाच यायचे.