शालीखालचा सवाल

साहेब, माझ्या बापाला मुका तुम्ही केला! लकव्यानं नाही, तुम्ही!

लकव्यानं फक्त जीभ नेली होती. माझा बाप शालिकराम, बैलबाजारातला दलाल. तिथं भाव तोंडानं सांगत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा ठरतो. तुमच्या कॉलेजची प्रतीक्षा दर गुरुवारी अकोल्याहून तेल्हाऱ्याला यायची, 'सेवेतून शिक्षण' म्हणून आमच्यासारख्यांच्या घरी पेशंटला भेटायला. तिनं हे बरोबर हेरलं. दुपट्ट्याखाली बापाचा हात धरला. एकदा दाबलं की हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे 'पुन्हा कधी येणार?'

"बाबा, चहा बरा झाला?" तिनं विचारलं.

दोनदा दाबलं!

"दोन वर्सानं बोलला बुढा," आई डोळे पुसत म्हणाली, "अन् थेबी खोड काढ्याले!"

मग तुम्ही कॉलेजच्या हॉलात पहिल्या सत्राचा समारोप ठेवला. प्रतीक्षा म्हणाली, "सर, बाबांना स्टेजवर नको. घाबरतील." तुम्ही म्हणालात, "फोटो पाहिजे." अन् मी दीडशहाणा! म्हटलं, "बिनधास्त बसवा, सर. माही गॅरंटी!"

पाहुणे आले. आधी पोट आलं, मग ते आले. त्यांनी बापाच्या अंगावर शाल टाकली. झालं! अंगावर कापड, समोर हात. बापानं तो हात शालीखाली ओढला अन् लागला दाबायला!

"अहो, सोडा! बोटं मोडतोय हा माणूस!"

"सायेब, तुमीबी दाबा!" मी खालून ओरडलो. "जवाब भेटल्याबिगर नाई सोडत थे!"

"सर, बाबा विचारतायत पुन्हा कधी येणार!" प्रतीक्षाचा आवाज कोण ऐकतो!

पाहुण्यांनी दावं तोडणाऱ्या गोऱ्ह्यासारखा हिसका दिला. माईक आडवा, समई आडवी, पाहुणे खुर्चीसकट आडवे! अख्खा हॉल खदाखदा हसला. मीही हसलो. बापानं माझ्याकडं पाहिलं, तेव्हा थांबलो.

दुसऱ्या दिवशी तुमचा निरोप आला: पेशंट मारकुटा आहे, मुली येणार नाहीत. प्रतीक्षाचा फोन आला. "दादा, मले मनाई केली," म्हणाली, अन् फोन ठेवला.

आता दर गुरुवारी बाप धुतलेलं धोतर नेसून दारात बसतो. मांडीवर दुपट्टा, दुपट्ट्याखाली हात. शेजारी बसलो की माझी बोटं धरतो. तीनदा दाबतो. मी काय दाबू?

तोच दुपट्टा घेऊन तुमच्या ऑफिसबाहेर बसलोय, साहेब. या, हात घाला खाली. येणार का ती पोरगी? हो की नाही?