संबंधित व्यक्तीची सहल

हेडक्लार्कच्या बायकोचा पन्नासावा वाढदिवस येत्या रविवारी होता आणि या विषयावर काहीतरी कार्यवाही होणं निकडीचं होतं. एकोणपन्नासाव्या वेळी ती झाली नव्हती. त्या दिवशी त्याने पोटभर जेवून "आज तारीख काय गं?" असं तिलाच विचारलं होतं. तिने तारीख सांगितली आणि ताटं उचलली. तेव्हापासून वर्षभर त्याचं मन त्याला खात होतं.

म्हणून यंदा त्याने बेत केला. घरापासून बारा किलोमीटरवरच्या तळ्यावर दिवसभराची सहल न्यायची आणि बायकोला ताकास तूर लागू द्यायची नाही. हे तर त्याच्या डाव्या हातचं काम, कारण कचेरीची गोपनीय शाखा तो बावीस वर्षं सांभाळत होता. त्याने रीतसर फाइल उघडली, तिच्यावर 'गोपनीय' असा लाल शिक्का मारला आणि कपाटात ठेवली.

आता, त्या कचेरीत बिनशिक्क्याच्या फाइली वर्षानुवर्षं कुणी उघडत नसे. लाल शिक्क्याची मात्र सकाळच्या चहाच्या आत वाचून होई. मंगळवारी टायपिस्ट बाई त्याच्या टेबलापाशी आल्या.

"तळ्यावर वारा फार असतो हं. वहिनींना स्वेटर घ्यायला लावा."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला कोण काय सांगतंय! सगळ्यात शेवटी कळलं मला. शिपायाला तर कालच माहीत होतं."

हेडक्लार्कच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबांनी तोड काढली. ज्यांना कळलंय त्यांना सहलीत सामील करून घ्यावं, म्हणजे ते फुटणार नाहीत. तर्क बिनतोड होता. बुधवारी अठरा जण सामील झाले, गुरुवारी वरचा मजला आला, आणि शुक्रवारी ज्यांना काहीच माहीत नव्हतं त्यांनी 'आम्हालाच अंधारात का ठेवलं' अशी लेखी तक्रार केली, म्हणून त्यांनाही घेतलं. एकूण एकेचाळीस. मात्र घरच्यांना कुणी आणू नये, बायकांच्या पोटात काही राहत नाही, असं साहेबांचं मत पडलं. तसं परिपत्रक टायपिस्ट बाईंनी एकही चूक न करता टाइप केलं. हेडक्लार्कची आई आणि मुलगा यांना तेवढी सूट मिळाली.

उरला प्रश्न बायकोचा. तिचं नाव कुठल्याही कागदावर येऊन चालणार नव्हतं. बसच्या यादीत ते नव्हतं, खाण्याच्या यादीत नव्हतं, केकवरसुद्धा नव्हतं. आदेशाच्या शेवटच्या ओळीत हेडक्लार्कने बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावून लिहिलं: 'संबंधित व्यक्तीस संबंधितांनी वेळेवर आणावे.' ही ओळ लिहून झाल्यावर तो स्वतःवरच खूश झाला.

रविवारी अकरा वाजता एकेचाळीस माणसं तळ्याकाठच्या झुडपांमागे श्वास रोखून बसली. रिक्षा थांबली आणि सगळे एकदम ओरडत बाहेर आले. रिक्षातून नातवाचा हात धरून हेडक्लार्कची आई उतरत होती. ती मटकन खालीच बसली.

"अरे, माझा वाढदिवस मार्चात असतो!" ती म्हणाली.

"तुझी आई कुठाय?" हेडक्लार्कने मुलाला विचारलं.

"मला काय माहीत? मला वाटलं तुम्ही आणताय. संबंधितांनी आणायचं होतं ना?"

"अरे गाढवा, मग तू कोण?"

"मी मुलगा आहे. संबंधित तुम्ही."

त्याने घरी फोन लावला.

"अगं, तुझा वाढदिवस आहे! माझ्या लक्षात होतं. शपथ घेऊन सांगतो, लक्षात होतं!"

"माहितीये हो. शिपायाने सोमवारीच शुभेच्छा दिल्या मला."

"मग आली का नाहीस?"

"मला कुणी बोलावलं? आणि खरं सांगू? आठवडाभर धाकधूक होती, की बोलावता की काय. अहो, सकाळपासून कुणी चष्मा कुठाय विचारलं नाही. चहा गरम असताना प्यायले. किती वर्षांनी, आठवतसुद्धा नाही."

हेडक्लार्कला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. "केक ठेवू का तुला?" त्याने हळूच विचारलं.

"ठेवू नका, संपवूनच या. आणि सावकाश या. घाई नाही."

सोमवारी त्याच्या टेबलावर अकरा अर्ज पडले होते, सगळे सहकाऱ्यांच्या घरून आलेले. मजकूर थोड्याफार फरकाने एकच: 'आमच्याही वाढदिवसाला यांना घेऊन जावे.' एका बाईंनी वर्षात चार वाढदिवस लिहिले होते. सर्वांत वरचा अर्ज साहेबांच्या घरचा होता आणि त्यावर 'तातडीचे' असा शेरा होता.

तुमच्या घरून अर्ज गेलाय का, हे जाणून घ्यायला कचेरीत खेटे घालायची गरज नाही. आज घरी फक्त एवढंच म्हणा, "रविवारी मी दिवसभर बाहेर गेलो तर चालेल का?" उत्तर काय येतं याकडे लक्ष देऊ नका. किती चटकन येतं, तेवढं बघा.