भालूकाकांची परतीची लस

साठी ओलांडलेलं माणूस परदेशी निघालं, की तुम्ही त्याला पहिला प्रश्न कोणता विचारता? खरं सांगा. ‘बॅग किती किलोची चालते?’ हाच ना? लोणचं जातं का, तूप जातं का, कोकमं डब्यात न्यायची की पिशवीत, यावर आपण तासभर बोलतो. त्या माणसाच्या अंगाला तिकडची हवा सोसेल का, कोणत्या लसी घ्यायला हव्यात, किती आधी, आणि त्यांचे पैसे कोण भरणार, याबद्दल एक अक्षर नाही. बॅगेची काळजी घेणारा आपला समाज. माणसाचं माणूस बघेल.

आमच्या शेजारचे भालूकाका मात्र निघण्याआधी एकच प्रश्न विचारतात. तो जाण्याचा नसतो, येण्याचा असतो.

“परतीचं काय?”

अलिबागच्या खाली, समुद्र आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये नारळी-पोफळीच्या वाड्यांचा पट्टा आहे, त्यात काकांचं घर आमच्या कुंपणाला लागून. वय बहात्तर. अंगाने सुपारीच्या झाडासारखे, सरळ आणि वाऱ्यावर किंचित हलणारे. कोणाच्याही घरी गेले की दारात पाठमोरे होतात, आणि चपला अशा काढतात की त्यांची तोंडं रस्त्याकडे. निघताना नुसते पाय सरकवायचे आणि चालू लागायचं. देवळातही तसंच. एकदा गुरवाने चिडवलं, “काका, देव काय धरून ठेवतोय तुम्हाला?” काका म्हणाले, “त्याचा भरवसा नाही. त्याने बऱ्याच जणांना ठेवून घेतलंय.”

लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आधी शेवटच्या एसटीची चौकशी. पंगतीत दाराजवळचं पान. स्कूटर नेहमी रस्त्याकडे तोंड करून. रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या भाऊच्या धक्क्याची लाँच लागलेली असते, लोक चढत असतात, आणि काका फळीवर एक पाय ठेवून खलाशाला विचारतात, “येताना शेवटची कितीची?”

“काका, अजून चढला न्हाय, आन् उतरायचं इचारता व्हय?”

“जाणं कोणालाही जमतं रे,” काका म्हणतात, आणि मगच दुसरा पाय उचलतात.

फक्त एका घरात हा नियम नाही. स्वतःच्या ओसरीवर ते चपला कशाही भिरकावतात. एक डावीकडे, एक उजवीकडे, पण दोन्हींची तोंडं आत.

गेल्या वर्षी विहिरीजवळच्या शेवाळावर काका घसरले. हाड शाबूत राहिलं, पण त्यांची मुलगी वीणा नैरोबीत असते, तिची झोप उडाली. “बाबा, इकडे या,” ती रोज फोनवर म्हणू लागली. काका रोज विचारत, “परतीचं काय?” ती म्हणे, “आधी या तर.” शेवटी नातीने फोनवर स्वतःचा पडलेला दात दाखवला आणि काका विरघळले.

आता तयारी. अलिबागच्या डॉक्टरांनी टायफॉइड, कावीळ, फ्लू अशी लसींची नावं सांगितली. मी चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेली मुलगी, त्यामुळे चौकशीचं काम आपसूक माझ्याकडे आलं. चार दवाखान्यांत फोन केले तर एकाच सुईचे चार भाव. एके ठिकाणी भाव विचारला तर बाई म्हणाल्या, “आधी पेशंटला घेऊन या, मग बघू.” मासळीबाजारातसुद्धा पापलेट हातात घेण्याआधी भाव सांगतात! मी तणतणत काकांच्या ओसरीवर गेले. म्हाताऱ्या माणसांना औषधाचा भाव आधी कळायला नको? हा हक्क नाही का? मी यावर पत्रक काढणार.

“काढ,” काका सुपारी कातरत म्हणाले. “पण खाली परतीचा पत्ता घाल. लोकांना उत्तर द्यायचं असतं.”

त्या सुयांना माडाच्या एका हंगामाची कमाई गेली. काकांनी कुरकूर केली नाही. मात्र प्रत्येक वेळी दंडावर कापूस दाबून ते डॉक्टरांना विचारत, “ही जाण्याची की येण्याची?” डॉक्टर हसत. त्यांना वाटे, म्हातारा विनोदी आहे.

मग वीणाचा फोन आला. मी तेव्हा ओसरीवरच होते. फोन पाटावर, लोटीला टेकवलेला. त्यात वीणा, तिच्यामागे नैरोबीचं जांभळ्या फुलांचं झाड.

“बाबा, ती यलो फीवरची लस घेऊ नका हं. इथे येताना भारतातल्या माणसाला ती विचारत नाहीत. आणि साठीनंतर ती जपून द्यावी लागते, म्हणतात. क्वचित कोणाला फार त्रास होतो.”

“मग ती आहे तरी कशाला?”

“ती... इथून भारतात परत जाताना दाखवावी लागते. नाहीतर तिकडे विमानतळावर काही दिवस वेगळं ठेवतात.”

काकांचा अडकित्ता थांबला. “म्हणजे जायला नको. यायला हवी.”

“हो. पण या वयात उगाच कशाला...”

“वीणा, मला कुठे शिरायचंय, ते मी ठरवू ना? मला इथे शिरायचंय.”

फोनमध्ये वारा आल्यासारखा आवाज झाला. वीणा मान खाली घालून म्हणाली, “बाबा, मी तुमचं परतीचं तिकीट काढलेलं नाही.”

“ठाऊक आहे मला,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. “तुझ्या जागी मी असतो तर मीही काढलं नसतं.”

मला मात्र राग आला होता. म्हाताऱ्या माणसाला न विचारता त्याचं उरलेलं आयुष्य हलवायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? पण पडद्यावर वीणा डोळे पुसत होती, आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या आमच्या छोट्या चौकटीत, काकांच्या मागे, ती विहीरही दिसत होती. पत्रकात अशी विहीर येत नाही, म्हणून पत्रक लिहिणं सोपं असतं.

ही लस मुंबईतल्या सरकारी केंद्रातच मिळणार होती. काका आणि मी सकाळच्या लाँचने निघालो. तिथले डॉक्टर तरुण होते, पण घाईतले नव्हते. त्यांनी काकांचे सगळे कागद पाहिले, रक्तदाब घेतला, आणि विचारलं, “ही लस अंड्यात तयार करतात. अंडं खाल्लं की अंगावर पित्त वगैरे उठतं?”

“अंडं खात नाही.”

“कधीच नाही खाल्लं?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. “केकमधून. मित्राच्या लग्नात. दोन तुकडे. काही झालं नाही, फक्त आईला कळलं.”

डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. साठीनंतर या लसीचा धोका थोडा वाढतो. काकांची तब्येत चांगली आहे, तरी निर्णय त्यांचाच. नको असेल तर सूट मिळाल्याचं पत्र देता येईल, पण परत आल्यावर ते मानायचं की नाही, हे विमानतळावरचे अधिकारी ठरवतील.

“म्हणजे घरापर्यंत येऊन उंबऱ्यावर बसवतील,” काका म्हणाले. मग बाही वर केली. “टोचा.”

सुई निघाली. कापूस दाबून काकांनी या वेळी वेगळाच प्रश्न विचारला. “हिची मुदत किती?”

“पूर्वी दहा वर्षं होती. आता दाखला आयुष्यभर चालतो.”

काका उठायचे ते पुन्हा खाली बसले. “आयुष्यभर? म्हणजे परतीची सोय आयुष्यभराची?”

“तसं म्हणा.”

“डॉक्टर, अशी एवढीच एक वस्तू सरकारने केली असेल!”

परतीच्या लाँचला गर्दी नव्हती. ऊन पिकून पाण्यावर सांडलं होतं, त्यामुळे मुंबई मागे विरघळत होती आणि रेवस अजून तयार झालेलं नव्हतं. मधल्या मध्ये आम्ही. इंजिनाचा आवाज इतका एकसारखा की थोड्या वेळाने तो ऐकू येईना. समुद्रपक्षी लाँचच्या बाजूने नुसते टांगल्यासारखे उडत होते. काका कठड्याला टेकून पाय वर घेऊन बसले होते. खाली चपला. त्यांची तोंडं रेवसकडे.

“कुमुदला मी याच लाँचने नेलं होतं,” ते म्हणाले.

कुमुदकाकू गेल्या तेव्हा मी पाळण्यात होते.

“पोटात दुखतंय म्हणाली. मोठ्या डॉक्टरला दाखवू, म्हटलं, संध्याकाळी परत. इथेच बसली होती, पदर डोक्यावरून घेऊन. पक्ष्यांना पाव टाकत होती. मी काही विचारलं नाही गं त्या दिवशी. शेवटची लाँच कितीची, काही नाही. मनातच आलं नाही.” त्यांनी दंडावरची पट्टी जराशी दाबली. “येताना लाँच लागलीच नाही. रस्त्याने आणलं तिला.”

मी आईकडून नेहमी ऐकायचे की भालू पूर्वी फार बेफिकीर होता. मला ते कधी खरं वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांना जरासा ताप आला. डॉक्टरांनी तसं सांगूनच ठेवलं होतं. दुपारी मी पेज घेऊन गेले तर काका झोपाळ्यावर पडले होते, आणि पोफळींची सावली त्यांच्या अंगावरून हळूहळू जात-येत होती. डोळे न उघडता म्हणाले, “आत्ता सगळे माड रांगेत उभे होते. एकेक झावळी पुढे करून. मी टोचत होतो. तो विहिरीजवळचा नाही म्हणाला.”

“का?”

“म्हणतो, मी कुठे जाणारच नाही, तर येऊ कशाला?”

ताप उतरला. त्याच संध्याकाळी वीणाने तिकीट पाठवलं. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही. खाली एकच ओळ होती: ‘बाबा, विहिरीला कठडा बांधून घ्या.’ कठड्याचं काम माझ्याकडे सोपवून काका गेले.

आता ते नैरोबीत आहेत. वीणा सांगते, तिच्या दारात त्यांच्या चपला रस्त्याकडे तोंड करून असतात. नात रोज शाळेतून आली की त्या आत वळवते. आजोबा रोज फिरायला निघताना त्या बाहेर वळवतात. दोघंही त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. इथे त्यांच्या ओसरीवर त्यांची जुनी चपलांची जोडी आहे, एक डावीकडे, एक उजवीकडे, तोंडं आत. वाडीला पाणी लावायला जाते तेव्हा मी त्यांना हात लावत नाही. केर काढते तोही त्यांना वळसा घालून.

पत्रकाची सवय सुटत नाही, म्हणून तुमच्याकडे मागणं मागते. घरातलं म्हातारं माणूस परदेशी निघालं, तर निघायच्या पुष्कळ आठवडे आधी त्याला डॉक्टरकडे न्या. जाण्याच्या लसी विचारा, येण्याच्याही विचारा, आणि भाव मोठ्याने विचारा. पण त्याच्याही आधी एक काम करा. तुमच्याजवळ राहायला आणलेली म्हातारी माणसं उद्या सकाळी उठण्यापूर्वी दारात जा, आणि त्यांच्या चपलांची तोंडं कुठे आहेत, तेवढं बघा.