दाजी आणि हिंडणारे

आमच्या घोडपदेवच्या चाळीतल्या दाजी परबांना मंडळाच्या ईमेलचा पत्ता विचारलात, तर ते आधी उठून खिडकी लावून घेतात. मग दाराकडे बघतात. मग तुमच्याकडे इतका वेळ बघत राहतात, की आपण माणूस आहोत की नाही याची तुम्हालाच शंका यायला लागते.

"माणूस असशील तर सांगशील," एवढं म्हणतात आणि तुमच्या गावातल्या एखाद्या चिंचेबद्दल काहीतरी विचारतात.

मंडळ म्हणजे आमच्या मालवणाकडच्या गावचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ. मी त्याचा चिटणीस. ज्या सभेत निवड झाली तिला मी गेलो नव्हतो, हीच माझी पात्रता. उत्साहाच्या भरात मी मंडळाची वेबसाइट काढली आणि पहिल्याच पानावर ईमेलचा पत्ता ठळक अक्षरात टाकला. आठवड्याभरात पत्रांचा पाऊस. कुणाला मंडळाशी लग्न करायचं होतं, कुणाला मंडळाचं वजन उतरवायचं होतं. केस उगवणाऱ्या तेलाची तर रोज तीन-तीन पत्रं.

"तुमचं टक्कल यांना कुणी दाखवलं हो?" बायकोनं विचारलं.

तेव्हा शेजारच्या खोलीतले दाजी धावून आले. जन्मभर त्यांनी टपालात पत्रांची वर्गवारी केलेली. 'चाफ्याखालचे मामा, घोडपदेव' एवढ्याशा पत्त्यावरचं पत्रसुद्धा मामांच्या हातात पडेल अशी व्यवस्था त्यांनी केली होती. निवृत्तीनंतर ज्येष्ठांच्या संगणक वर्गात त्यांना कळलं, की बॉट नावाचे प्रोग्रॅम वेबसाइटींवर अखंड फिरत असतात, पत्ता दिसला की उचलतात आणि जाहिरातवाल्यांना नेऊन देतात. दाजी त्यांना बॉट म्हणत नाहीत. असल्यांचं नाव घेऊ नये, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. ते म्हणतात, हिंडणारे.

"त्येंका डोळे नाय रे," दिवेलागणीला गॅलरीत उभे राहून ते सांगायचे. "नुसते चाचपडतत. ह्या दारार, त्या दारार. झोप नाय, भूक नाय. बिचारे."

बंदरावर एखाद्या बोटीचा भोंगा लांबवर वाजत असायचा. समोरच्या चाळीचे कठडे अंधारात विरघळायला लागायचे. आणि मलाही ते दिसायचे, शपथेवर सांगतो. पत्र्यांवरून, तारांवरून, कुणाच्या वाळत घातलेल्या लुगड्यातून आरपार जाणारे, कंदील नसलेले हजारो जण, कुणाचा तरी पत्ता शोधत चाललेले. मग बायको चहाला हाक मारायची आणि मी भानावर यायचो. दाजी यायचे नाहीत.

पहिला उपाय म्हणून त्यांनी पत्ता हातानं कागदावर लिहिला आणि त्याचा फोटो साइटवर लावला. हिंडणाऱ्यांना चित्र वाचता येत नाही म्हणे. दाजींचं अक्षर माणसांनाही वाचता येईना. मग त्यांनी प्रश्न लावले. उत्तर बरोबर आलं तरच पत्ता दिसणार. ओढा भरला की शाळेत कुठून जायचं? गावात पहिला फणस कुणाच्या परसात पिकतो?

या फणसावर खुद्द आमचे अध्यक्ष तीनदा घसरले.

"चिटणीस, मी बॉट आहे?" त्यांनी फोनवर विचारलं.

"कम्प्युटर तसं म्हणतोय खरं."

"अरे, पण पहिला फणस माझाच!"

मी दाजींना विचारलं. दाजी शांतपणे म्हणाले, "तेचो पिकना नाय. तो पिकवता. गवतात घालून."

तोवर हसण्यावारी चाललं होतं. पण चार महिने मंडळाला एकाही माणसाचं पत्र आलं नाही. शीवच्या एका कुटुंबानं जत्रेची तारीख विचारायला सात वेळा धडपड केली, शेवटी नाद सोडला, अंदाजानं गाव गाठलं आणि ओस पडलेलं देऊळ बघून परत आलं. कार्यकारिणीनं ठरवलं, रविवारच्या सभेच्या आत सगळे प्रश्न काढायचे आणि साइट दाजींच्या हातून काढून घ्यायची. हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे. चिटणीस आणखी कशाला असतो?

संध्याकाळी गेलो. चार वाक्यं पाठ करून गेलो होतो, दुसऱ्यालाच अडखळलो. दाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"काढ. सगळे काढ. लोकांका तरास कित्याक?" मग म्हणाले, "एक रवांदे."

"कुठला?"

"देवळामागच्या तळीक पायऱ्यो किती?"

"एकवीस," मी म्हटलं. "हे तर शेंबडं पोरही सांगेल."

"मगे? तुका पत्तो गावतलो. कोणाक तरास नाय."

"मग ठेवायचा कशाला?"

दाजींनी चष्मा काढून पुसला. "कोण बावीस लिवता काय, तां बघतंय."

दाजींचा धाकटा भाऊ गजा. लहानपणी त्यानं तळीत बुडी मारून पाण्याखालची आणखी एक पायरी पायानं शोधली होती. कुणाला सांगायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. पुढे गिरणी बंद पडली, गजा घरी बसला. एका संध्याकाळी जेवताना दाजी त्याला एकच शब्द बोलले. कुठला, ते त्यांनी मला सांगितलं नाही. गजा ताटावरून उठला आणि गेला. तो गेलाच.

"रिटायर होयपर्यंत रोज हातातसून पत्रा गेली," दाजी म्हणाले. "तेचा अक्षर बघी होतंय. आता कोण पत्रा लिवता? पण गावाचा नाव तरी खंयसून कम्प्युटरात टाकीत. म्हातारो झालो आसतलो. माझो पत्तो इसारलो आसतलो. पायरी इसारूचो नाय."

त्यांनी कम्प्युटर लावला. दिवसभरात आलेली उत्तरं ओळीनं दिसत होती. जगभरच्या हिंडणाऱ्यांनी काय काय भरून ठेवलं होतं: अगम्य अक्षरं, आकडे, एकानं तर पायऱ्यांच्या जागी बुटांची जाहिरात. दाजी एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेले. घाई नाही. शेवटच्या ओळीवर बोट थोडा वेळ तसंच राहिलं.

"आज नाय," म्हणाले. मग स्वतःच 'बावीस' टाईप केलं. "दार उघडता काय, तां रोज बघूचा लागता."

दार उघडलं. आत मंडळाचा पत्ता नव्हता. मोठ्या अक्षरात दोनच ओळी होत्या:

'गजा, माझाच चुकला.
आधी जेवूक ये, मगे बोलू.'

रविवारी सभेत मी सांगितलं, की सगळे प्रश्न काढलेत. एक सोपा ठेवलाय, तांत्रिक कारणासाठी ठेवावाच लागतो, आणि तो दाजींनाच सांभाळावा लागेल. तांत्रिक म्हटलं की आमच्या सभेत कुणी पुढे विचारत नाही. अध्यक्षांनी तिथल्या तिथे फोनवर 'एकवीस' टाकून पाहिलं, पत्ता दिसला, आणि ते लहान मुलासारखे खूश झाले.

"आणि उत्तर चुकलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर ते दाजींकडे जातं," मी म्हटलं.