‘जिव्हाळा’ फॉन्टचे अधिकृत उपयोग

माणसाचे मन त्याच्या अक्षरात उतरते. उतरायला वेळ मात्र फार लागतो, म्हणून एका विमा कंपनीने ‘जिव्हाळा’ नावाचा फॉन्ट विकत घेतला. कुंचल्याने घाईघाईत, पण प्रेमाने लिहिल्यासारखा. ‘म’ तीन तऱ्हांचा, दांड्या शेवटी विस्कटलेल्या, अधूनमधून रंग सुकत आलेला. (दमलेल्या हाताचे प्रेम खरे वाटते, असे माहितीपत्रकात म्हटले होते.)

कारभार पत्रव्यवहार विभागाच्या साहेबांकडे आला. साहेब कामाला वाघ. त्यांनी उपयोग ठरवून दिले: दावा नामंजूर – जिव्हाळा, मोठा. शोकसंदेश – जिव्हाळा, करडा. नोकरीवरून कमी करणे – जिव्हाळा, किंचित झुकलेला. दावा मंजूर झाल्याचे पत्र साध्या छापील अक्षरात, कारण चांगल्या बातमीला आधार लागत नाही. तक्रारी निम्म्यावर आल्या. दावा फेटाळलेल्या एका विधवेने तर आभाराचे पत्र पाठवले. (हाताने लिहिलेले असल्यामुळे ते कुणाला वाचता आले नाही.)

साहेबांची आई दूर गावी एकटी राहायची. फोनवर तिला बोलता येई, ऐकू येत नसे. म्हणून तिलाही दरमहा जिव्हाळ्यातच पत्र जाई. मजकूर विभागातल्या टायपिस्टबाई जुळवत. आई शेजारणीला दाखवायची, “लेकाचं अक्षर बघा, मोत्याचे दाणे!” साहेबांचे खरे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण ते आता खुद्द साहेबांनाही आठवत नव्हते.

मग साहेबांच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले. इस्पितळाच्या खाटेवर संगणक नव्हता. त्यांनी नर्सकडून कागद घेतला आणि लिहिले, “आई, भीती वाटते गं. ये.” इतके खरे त्यांनी कित्येक वर्षांत लिहिले नव्हते.

ऑपरेशन झाले. आई आली नाही. तिचा फोन आला.

“बाळा, सांभाळून राहा हो. तुझ्या नावानं कुणीतरी भामटा मला बोलावून घेत होता. अक्षर बघितलं आणि ओळखलं, हा आपला नव्हे. आणि भीती वाटते म्हणे! तू कधी असलं बोलतोस का? फाडून टाकलं मी.”

“आई, तो मीच होतो!” साहेब टाके सांभाळत ओरडले.

“हो हो, तूही तब्येतीची काळजी घे,” म्हणून तिने फोन ठेवला.

साहेब ढसाढसा रडले. मग, शिस्तीचा माणूस असल्यामुळे, त्यांनी तोच मजकूर जिव्हाळ्यात काढून पाठवायला टायपिस्टबाईंना सांगितले.

“साहेब, ‘भीती वाटते’ आपल्या ठरलेल्या मजकुरांत नाही,” बाई अदबीने म्हणाल्या. “‘प्रकृती ठीक, काळजी नसावी’ टाकू का?”

तेच गेले. आईने ते उशाशी ठेवले आहे.

हे वाचून तुम्हाला साहेबांचे वाईट वाटले असेल, तर त्यांना तसे जरूर कळवा. गुलाबाचे चित्र आणि दोन हळव्या ओळी तुमच्या फोनमध्ये तयार असतीलच. मागच्या वेळी ज्यांना पाठवल्या होत्या, त्यांचे नाव तेवढे काढून टाका.